मागचं पुसट करणारा कॅमेरा

थंडी पडली की आमच्या गावच्या डांबरी रस्त्यावर उजाडता उजाडता बूट वाजायला लागतात. धप धप धप. रोहिणखेडच्या बाजूनं येतात आणि पाझर तलावाकडे वळतात. कुणाचे नवे कोरे, कुणाचे थोरल्या भावाचे, एखाद्याचे तळवे सुटून टाळ्या वाजवणारे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली हे मला पेपरात वाचावं लागत नाही, ते रस्ताच सांगतो. पूर्वी नुसती पोरंच असायची. आता सहा-सात हिवाळे झाले, पाच-सहा पोरीही असतात. घट्ट वेण्या घातलेल्या, तोंडातून वाफा सोडत, आपसात एक शब्द न बोलता पळणाऱ्या.

मी गच्चीवर चहाचा कप घेऊन उभा असतो. पोरं आली की हात करतो. पोरी आल्या की कठड्याखाली वाकून तुळशीच्या कुंडीपाशी काहीतरी शोधल्यासारखं करतो. खालून मंदा, म्हणजे आमच्या घरच्या, विचारते, "काय सांडलं?" मी म्हणतो, "काही नाही." सात वर्षं झाली. दर हिवाळ्यात माझं हे 'काही नाही' सांडतं आणि दर हिवाळ्यात मी ते शोधत बसतो.

सगळा दोष एका कॅमेऱ्याचा आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. कॅमेरा बिचारा कपाटात, साड्यांच्या मागे, गळ्यात पट्टा गुंडाळून पडलेला. त्याला उलटून बोलता येत नाही. त्यामुळे आमचं चांगलं जमलं होतं.

पन्नाशी ओलांडली की माणसाला एकतर अध्यात्म लागतं नाहीतर कॅमेरा. अध्यात्माला पहाटे उठावं लागतं आणि खोटं बोलणं सोडावं लागतं, म्हणून मी कॅमेरा घेतला. पुढे पहाटे उठावंही लागलं आणि खोटंही बोलावं लागलं, ती गोष्ट वेगळी. मी गावच्याच शाळेत मास्तर. चौथीचा वर्ग. त्या वर्षी पगाराच्या फरकाची थोडी रक्कम हातात आली आणि मंदानं शिलाई मशीन म्हणायच्या आत मी कॅमेरा म्हणालो.

मग अख्खा पावसाळा मी कॅमेरा निवडण्यात घालवला. असा अभ्यास मी डी.एड.लाही केला नव्हता. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ. त्यात तरणी पोरं हातात कॅमेरा धरून इतक्या कळकळीनं बोलायची की वाटे, यांच्या घरी कुणी आजारी आहे. मी वहीला चौकटी आखल्या आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तसे कॅमेऱ्यांना शंभरपैकी गुण दिले. मेगापिक्सेलला वीस. वजनाला दहा. झूमला पन्नास. झूमला पन्नास का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. लांबचं जवळ दिसतं याच्याइतकी जादू मला दुसरी माहीत नव्हती. जवळचं तर काय, दिसतंच, असा माझा समज होता.

मंदा म्हणाली, "अवो, पन फोटो काहाचे काढसान?"

मी म्हणालो, "आधी कॅमेरा ठरू दे."

हे उत्तर देताना मला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

चिखलीला देवीदास नावाचा लग्नाचे फोटो काढणारा आहे, माझ्या साडूच्या ओळखीतला. खरेदीआधी एखाद्या जाणत्याला विचारावं आणि मग त्याचं ऐकू नये, या आपल्या रिवाजाप्रमाणे मी त्याच्याकडे गेलो. दुकानात लाल पडदा, एक खुर्ची, कोपऱ्यात थर्माकोलचे दोन खांब. मी वही उघडून गुण वाचून दाखवले. तो तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत शेवटपर्यंत शांत ऐकत होता.

"झालं का सर?"

"झालं."

त्यानं कपाटातून एक जुना, कडा घासलेला कॅमेरा काढला. पुढे आखूड, बोटभर लेन्स. "हा घ्या. माह्यावालाच हाय, मी आता मोठा घेतला. तुमच्या बजेटात बसते. लेन्सले झूम नाई."

"झूम नाही?"

"नाई. पन मांगचं पुसट होते. समोरचा मानूस तेवढा उठून दिसते, बाकी सारं लोन्यावानी. फोटोत हेच तर शिकाचं असते सर, काय दाखवाचं नाई ते."

"आणि लांबचं काढायचं असेल तर?"

"त मंग पायानं जवळ जा लागते."

मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. गुडघ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघांनी ठरवलं की हा माणूस जुना माल खपवतो आहे. बाहेर पडताना देवीदास पाठीमागून म्हणाला, "सर, त्या लंब्या झूमवाल्यात सारंच साफ येते बरं, मांगचंबी आन पुढचंबी. मंग म्हनसान सांगतलं नाई." मला ती त्या कॅमेऱ्याची जाहिरातच वाटली. सगळंच स्वच्छ येतं! मास्तराला आणखी काय हवं?

दिवाळीनंतर माझा झूमवाला आला. बटण दाबलं की त्याचं नाक पुढे पुढे येई, शेजारचा म्हातारा बिचकून घरात जाई. पहिल्या आठवड्यात मी झाकण न काढता अकरा फोटो काढले आणि कॅमेरा बिघडला म्हणून कुरिअरवाल्याशी भांडलो. मंदाचा फोटो काढला तर तिच्या नाकावरची चामखीळ एवढी स्वच्छ आली की ती दोन दिवस बोलली नाही. पाखरं काढायला गेलो तर पाखरू उडून गेलेल्या फांदीचे उत्तम फोटो येऊ लागले. तेव्हा मी नियम केला, जो हलत नाही तोच आपला. आणि असा एक पक्षी तलावाच्या काठी रोज यायचा. राखी बगळा. तासन् तास एका पायावर. त्याचं एकही पीस हलत नसे. त्याला पाहिलं की वर्ग निरीक्षणाला आलेल्या साहेबांची आठवण व्हायची.

त्या हिवाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आमच्या घरापासून तलावापर्यंत सगळा हरभरा. घाटे धरायच्या आधीचा, कोवळा, हाताएवढा. सकाळी त्याच्यावर दव असतं आणि त्या दवात आंब उतरलेली असते. तिथून धोतर नेसून नुसतं चालत गेलं तरी कापड आंबट होतं, आणि पायाला ओरखडे असले तर असं चुरचुरतं की माणूस नाचायलाच लागतो. त्याच दिवसांत बायका शेंडे खुडायला जातात. ओटीत भरून आणलेली ती भाजी, थोडी ताजी, थोडी वाळवून वर्षभराची. शेंडे खुडले की हरभरा आणखी फुटतो. खुडल्यानं वाढणारं असं थोडंच काही असतं. माणसाचं सहसा उलटं होतं.

हरभऱ्याच्या त्या पट्ट्यापलीकडे तलावाची भिंत. मातीची, लांबच लांब, वर गाडीवाट. मधे पाणी, पाण्याच्या अलीकडच्या काठाला बगळा. मी गच्चीवर, घोंगडी पांघरून, कठड्यावर कॅमेरा टेकवून. त्या दिवशी तो डाव्या पायावर उभा होता. उजवा पाय पोटाशी घेतलेला, डावा पेन्सिलीसारखा सरळ पाण्यात गेलेला, आणि पाण्यातही तितकाच सरळ. मी श्वास रोखला. बटण दाबलं. मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं आणि मला माझं कौतुक आवरेना. पीस न् पीस मोजून घ्यावं असा फोटो.

गावाचा एक ग्रुप होता मोबाइलवर. त्यात सकाळी देव यायचे, दुपारी कापसाचे भाव यायचे आणि संध्याकाळी भांडणं. मी बगळा टाकला आणि खाली लिहिलं, "ओळखा पाहू, किती लांबून काढला?"

कुणीच अंतर ओळखलं नाही. सगळ्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि बगळ्याच्या खांद्यावरून मागे गेले.

पहिला प्रश्न आला, "सर, मांगं धरनावर कोन पयून राह्यलं?"

मीही मोठा करून पाहिला. भिंतीवर एक मुलगी पळत होती. भावाची असावी अशी निळी पँट, पांढरा सदरा, मागे आडवी उडालेली वेणी. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले. चेहरा अर्धाच, पण माझ्या वर्गात बसलेलं पोर मला पाठमोरंही ओळखू येतं. शीतल. प्रल्हादभाऊची थोरली. चौथीत असताना मीच तिला तालुक्याला नेलं होतं शर्यतीला. डावा पाय थोडा आत वळवून पळायची, लहानपणी बैलगाडीवरून पडली होती त्याची खूण. तरी पहिली आली, अनवाणी. येताना एसटीत मी प्रल्हादभाऊला म्हणालो होतो, "पोरगी पळते बरं का!"

मंदा माझ्या खांद्यावरून पाहत होती. एका नजरेत तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "काढून टाका तो फोटो. आत्ताच्या आत्ता."

"अगं, काऊन? कौतुक होईल पोरीचं."

"तुमाले नाई समजत. तिची सोयरीक जमली हाय. प्रल्हादभाऊले हे माईत नसन."

"पाहा तरी, केवढं स्वच्छ आलंय!"

आणि मी लिहिलं. या बोटांनी, खडूची सवय असलेल्या, फळ्यावर नावं लिहिणाऱ्या बोटांनी लिहिलं, "अरे, ही तर आपली शीतल! शाब्बास पोरी!" पुढे तीन टाळ्या.

ग्रुप गप्प झाला. देव नाही, भाव नाही, भांडण नाही. वर्ग एकदम शांत होतो तेव्हा मास्तराच्या पाठीला कळतं की आपल्या मागे काहीतरी झालं आहे. तशी ती शांतता होती. मला वाटलं, सगळे माझ्या फोटोनं थक्क झाले. थोड्या वेळानं एक ओळ आली. प्रल्हादभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या ओट्यावर आले. हातात टोपली, टोपलीत हरभऱ्याची भाजी, वरपर्यंत. त्यांनी ती ओट्यावर ठेवली. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"घ्या सर."

"अहो, एवढी कशाला?"

"आमी महिनाभर खाल्ली. रोज. सकायी भाजी, सांजीले भाजी. पोरगी रोज अंधारात उठे, म्हने भाजी खुडाले जातो. मले वाटे, पोरगी सासरी चालली त मायले हातभार लावून राह्यली. मी म्हनलं, माय, आता पुरे कर, दात आंबले. तरी आनेच." त्यांनी टोपलीतला एक शेंडा उगाच मोडला. "आता समजलं का भाजी काऊन सरे नाई."

मी काहीतरी म्हणालो. काय ते आठवत नाही, पण त्यात 'अभिमान' हा शब्द होता. मास्तरांकडे असे शब्द नेहमी तयार असतात.

"तिच्या मायले माईत होतं," प्रल्हादभाऊ म्हणाले. "गावातल्या चार पोराईले माईत होतं. तुमाले माईत झालं. सोयऱ्याचा फोन आला काल, म्हने, तुमची पोरगी पँट घालून कोठी पयून राह्यली? त्याईलेबी माह्या आधी माईत. मीच तेवढा येडा." आणि मग, माझ्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत, "तिनं मले सांगतलं असतं त म्या हो म्हनलं असतं का नाई, हे आता मलेबी कधी समजनार नाई सर."

एवढं बोलून गेले. टोपली परत न्यायलाही आले नाहीत. ती टोपली अजून आमच्याकडे आहे, मंदा तिच्यात कांदे ठेवते.

त्यांचं ते शेवटचं वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं आहे. कारण मी त्यांना मनातल्या मनात खलनायक ठरवून मोकळा झालो होतो. जुन्या वळणाचा बाप, पोरीला पळू न देणारा. माझ्यासाठी ते फार सोयीचं होतं. पण त्यांनी अजून काही ठरवलंच नव्हतं. ठरवायची पाळी त्यांच्यावर यायची होती. शीतल हिंमत गोळा करत असणार, एखाद्या सकाळी भाजीऐवजी भरतीचं प्रवेशपत्र बापाच्या पुढ्यात ठेवायची असणार. ते बापलेकीतलं होतं. मी ते चव्हाट्यावर ठेवलं, आणि चव्हाट्यावर बापाला एकच उत्तर देता येतं.

दोनच दिवसांत शीतलला संग्रामपूरला मामाकडे पाठवलं. 'तिकडे तूर काढायला माणसं कमी आहेत' असं कारण सांगितलं गेलं. ज्या दिवशी बुलढाण्याला भरतीचं मैदान होतं त्या दिवशी मी शाळेत होतो. कविता शिकवत होतो. आमच्या गावची चार पोरं तिथे धावली, एक लागला. त्याचा सत्कार शाळेत झाला. हार मी घातला आणि टाळ्या वाजवताना तिचं आठशे मीटर कुणाच्याच घड्याळात नाही, हा विचार मनात आला. मी टाळ्या जोरात वाजवल्या. वैशाखात तिचं लग्न झालं, ठरलेल्या घरीच. जेवणात वांग्याची भाजी होती. मी दोनदा वाढून घेतली. अपराधी माणसाला भूक लागत नाही असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत कधी खरं झालं नाही.

त्या मधल्या काळात मी एक काम केलं. एका रविवारी, दार लावून, कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून टाकलं, मोबाइलमधली प्रतही. सगळंच. बगळा, चामखीळ, रिकाम्या फांद्या. पुसण्याआधी तो फोटो शेवटचा उघडला. वेणी पाहिली, आवळलेल्या मुठी पाहिल्या, जमिनीपासून सुटलेले पाय पाहिले. पडद्यानं विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. मला खरंच वाटलं की हे प्रायश्चित्त आहे. कपाळाला हात लावून नमस्कारही केला कॅमेऱ्याला. आता आठवून हसू येतं, आणि हसू अर्ध्यावर येऊन थांबतं. चूक केली होती ग्रुपवर आणि पुसत होतो कार्ड. घाण अंगणात आणि झाडू गच्चीवर.

कॅमेरा निवडताना मी कॅमेऱ्याला शंभर प्रश्न विचारले. एक प्रश्न स्वतःला विचारायचा राहिला, मला पाहायचं आहे की दाखवायचं आहे? देवीदासची ती आखूड लेन्स घेतली असती तर दोनपैकी एक झालं असतं. बगळ्याच्या मागचं सगळं लोण्यासारखं पुसट आलं असतं, आणि शीतल भिंतीवरचा एक पांढरा ठिपका होऊन पळत राहिली असती. किंवा बगळ्यासाठी मला पायानं जवळ जावं लागलं असतं. हरभऱ्यातून, पाय चुरचुरत. मग ती मला दिसली असती, मी तिला दिसलो असतो. ती थांबली असती, "सर, घरी सांगू नका" म्हणाली असती, आणि मी खोटं बोलण्यात तरबेज असल्यामुळे ते छान निभावलं असतं. पुसट होणं हीसुद्धा एक दया असते, हे मला त्या टाकाऊ वाटलेल्या जुन्या कॅमेऱ्यानं सांगितलं असतं. माझ्या कॅमेऱ्यात दया नव्हती. पन्नास गुण झूमला होते.

लग्नानंतर दुसऱ्या दिवाळीला शीतल माहेरी आली. मी एसटीच्या थांब्यावर उभा होतो, ती उतरली. कडेवर मुलगी, हातात पिशवी. मी पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा होता.

"सर!"

"अरे, शीतल! कधी आलीस?" एसटीतून उतरलेल्या माणसाला मी हा प्रश्न विचारला.

ती जवळ आली. आवाज खाली करून म्हणाली, "सर, तो फोटो हाय का हो तुमच्यापाशी?"

मला वाटलं, आता येणार. जे यायचं ते आता येणार. ते आलं असतं तर बरं झालं असतं.

"माहा पयतानाचा एकबी फोटो नाई. लग्नाचे हायेत पेटीभर. पयतानाचा एकच होता, तोबी तुमच्यापाशी. त्या ग्रुपवर सापडन म्हनलं त तो ग्रुपच मोडला म्हने. सापडला त द्या मले."

मी म्हणालो, "शोधतो."

तेव्हापासून मी शोधतो आहे. पाच वर्षं. ती दिवाळीला येते, विचारते. मी म्हणतो, जुन्या कॉम्प्युटरमध्ये असेल. संक्रांतीला येते, विचारते. मी म्हणतो, पुण्याला भाच्याकडे कॉपी असेल. माझ्याकडे जुना कॉम्प्युटर नाही. भाचा नाशिकला असतो. एका पुसलेल्या फोटोसाठी मी इतक्या जागा निर्माण केल्या की आता तो नेमका कुठे नाही, हे मलाच लक्षात ठेवावं लागतं.

या संक्रांतीला ती आली ती थेट घरी. मुलगी आता मोठी झालेली, मंदाबरोबर आत तिळाचे लाडू मोजायला गेली. आम्ही गच्चीवर. दुपारचं ऊन, खाली तोच हरभऱ्याचा पट्टा, पलीकडे भिंत. सकाळी त्याच भिंतीवरून पोरी पळाल्या होत्या आणि मी कुंडीपाशी वाकलो होतो.

"कठड्यावरून काढला होता ना सर? येथून?"

"हो."

"सापडला?"

मी तोंड उघडलं. पुण्याचा भाचा जिभेवर आला होता. पण तिनं कठड्यावर ज्या ठिकाणी हात ठेवला होता, नेमकं तिथेच मी त्या दिवशी कॅमेरा टेकवला होता. का कोण जाणे, भाचा परत गेला.

"शीतल, तो मी पुसला. तेव्हाच. तुझं लग्न व्हायच्या आधी. नाही तो कुठेच."

ती भिंतीकडे पाहत राहिली. "सारंच पुसलं?"

"सारंच."

"बगयाबी?"

"बगळाही."

ती थोडी हसली. खाली मंदाचा आणि तिच्या मुलीचा लाडवांच्या संख्येवरून वाद चालला होता. मला वाटलं, आता रागावेल. मी तयारही होतो. पाच वर्षांत तिच्या वतीनं मी स्वतःला इतकं काही बोललो होतो की त्यातलं कुठलंही चाललं असतं.

"जाऊ द्या सर," ती म्हणाली. "सांगतलं असतं त म्या विचारलं नसतं. मले फोटोपक्षी एक वाटे... सासरी लय येळा वाटे. मी समजत होती का मी तेथं एकटीच पयून राह्यली. कोनीच पाहत नाई. मंग समजलं, नाई, आपले सर पाहून राह्यले होते गच्चीवरून. बरं वाटे."

मी बगळा पाहत होतो, हे तिला सांगायला हवं होतं. अर्धं खरं सांगितल्यावर माणसाला वाटतं, आज एवढं पुरे.

"कशी पयत होती सर मी?"

मी सांगितलं. मास्तर आहे, वर्णन करता येतं. वेणी आडवी गेली होती म्हणालो. मुठी आवळलेल्या. दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, खाली भिंत नव्हतीच जणू. ती डोळे बारीक करून ऐकत होती, जसं काही मी भिंतीवर बोट ठेवून दाखवत होतो.

"आन डावा पाय?" तिनं एकदम विचारलं. "तो आत वये ना माहा. तेवढ्यासाठीच महिनाभर मेहनत घेतली म्या. भिंतीवरच्या चाकोरीत पाय टाकून टाकून. तुमी पायला ना? सरळ पडत होता का तवा?"

मी आठवलं. देवाशपथ आठवलं. वेणी आठवली, मुठी आठवल्या, सदऱ्याची उडालेली बाही आठवली. पाय आठवले, पण नुसते पाय.

"सरळ," मी म्हणालो. "अगदी सरळ."

तिचा चेहरा असा उजळला की मी भिंतीकडे पाहू लागलो. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली, आणि पदर खोचून मुलीला हाका मारत जिना उतरली.

मी गच्चीवर उभा राहिलो. डावा पाय सरळ होता, यात तसं काही खोटं नव्हतं. पाण्यात उतरलेला, पेन्सिलीसारखा, पाण्याखालीही तितकाच सरळ. बगळ्याचा तो पाय मला आजही शपथेवर सांगता येईल.